खाल्लेलं लिहून ठेव

चि. मृणाल हिस,


ताईने तुझा रक्ताचा रिपोर्ट पाठवला. हिमोग्लोबिन ९.८. बायकांचं १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चुकवू नकोस. ‘मावशी, मी तर सगळं खाते,’ असं तू फोनवर म्हणालीस. तू खोटं बोलत नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण सदाशिव पेठेत खोली, अभ्यासिका आणि मेस अशी दिवसभर ये-जा करताना पोटात काय गेलं, हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. म्हणून एक वही कर.

कॅलरी मोजू नकोस. मोबाइलवरचं ॲप वरणाच्या वाटीचा आकडा लगेच दाखवतं, पण तुमच्या मेसच्या वरणात डाळ किती आणि पाणी किती, हे त्याला कुठून कळणार? तू आपल्या घरातल्या मापानेच लिही: दोन पोळ्या, अर्धी वाटी उसळ, मूठभर दाणे. शेजारी वेळ लिही, आणि भूक होती की नुसता अभ्यासाचा कंटाळा आला होता, तेही. मात्र खाल्ल्या खाल्ल्या लिही. रात्री आठवून लिहायला बसलीस, तर पोळी-भाजी आठवेल आणि चहा, बिस्किटं, वडापाव नेमके गळतील.

आठवडा झाला की शांतपणे वाच. आधी चहा कुठे कुठे आहे ते बघ. जेवणावर लगेच चहा घेतला, तर पालेभाजी आणि कडधान्यांतलं लोह नीट अंगी लागत नाही; मध्ये निदान तासभर जाऊ दे. त्याच जेवणात लिंबू पिळलंस किंवा पेरू खाल्लास, तर लोह जास्त शोषलं जातं. मग डाळी-कडधान्यं बघ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जे रोजचं ताट सुचवलं, त्यात ४०० ग्रॅम भाज्या आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आहेत, तीही कच्ची असतानाच्या वजनाने. मेसच्या पातळ वरणातून एवढी डाळ मिळणं अवघडच. खोलीवर मूग-मटकीला मोड आणता येतात, फुटाण्यांचा डबा टेबलावर ठेवता येतो, उकडलेलं अंडं तर तुला आवडतंच. पण एका आठवड्यात एकच बदल कर. सगळं एकदम बदलायला गेलेल्या मुली पंधरवड्यात वही टाकून देतात, असं मी पाहिलं आहे.

आणखी एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एखादी नोंद लपवावीशी वाटली, किंवा घास घेण्याआधी वहीची धास्ती वाटू लागली, तर त्याच क्षणी लिहिणं थांबव आणि मला फोन कर. वजनाच्या भीतीने जेवण तोडणाऱ्या मुली तुझ्याच वयाच्या असतात, आणि घरच्यांना ते फार उशिरा कळतं. ही वही तू पोटभर आणि नीट जेवावंस म्हणून आहे.

आज रात्रीच्या जेवणापासूनच सुरुवात कर, आणि महिन्याभराने डॉक्टरांकडे जाशील तेव्हा वही सोबत ने.

तुझी,
मावशी