मोटारीची नियंत्रणे : चालकाच्या आसनावरून

दक्षिण दिल्लीत सरोजिनी नगरला लागून, झाशीच्या राणीचे नाव धारण करणारी लक्ष्मीबाई नगर ही सरकारी नोकरांची वसाहत आहे. वसाहतीच्या आतील रस्ते अरुंद असून तेथे सायकली, भाजीच्या हातगाड्या आणि खेळणारी मुले यांची सतत ये-जा असते. तेथून थोड्याच अंतरावर रिंगरोड आहे. त्यावरून मोटारी ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाने धावतात. मोटार नव्याने शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात या दोन्ही परिस्थितींशी गाठ घ्यावी लागते. गल्लीत चेंडूमागे धावत आलेल्या मुलासमोर त्याचा पाय ब्रेकवर पडतो की अ‍ॅक्सिलरेटरवर, यावर पुढचे सारे अवलंबून असते. म्हणून कोणता दट्ट्या कशासाठी आहे एवढे पाठ करून भागत नाही. तो दाबल्यावर यंत्रात नेमके काय घडते, हे समजून घ्यावयास हवे.

प्रथम परिभाषेविषयी एक शब्द. सुकाणूचक्र, गतिवर्धक, रोधक असे शब्द कोशांत सापडतात व ते चुकीचेही नाहीत. परंतु गॅरेजमध्ये जाऊन 'रोधक सैल झाला आहे' असे सांगणाऱ्यास तेथील कारागीर बुचकळ्यात पडल्यावाचून राहणार नाही. यासाठी येथे स्टीअरिंग, ब्रेक, क्लच, गिअर हे रूढ शब्दच योजले आहेत.

आसन, आरसे व पट्टा

इंजिन सुरू करण्यापूर्वीची कामे बहुतेक नवशिके टाळतात. आसन पुढे-मागे सरकविण्याचा दांडा आसनाखाली असतो. क्लच पूर्ण दाबला असता डावा गुडघा किंचित वाकलेला राहील, इतक्या अंतरावर आसन आणावे. याहून मागे बसल्यास निकडीच्या वेळी ब्रेकवर पुरा जोर देता येत नाही. फार पुढे बसल्यास वेगळा धोका असतो. स्टीअरिंगच्या मध्यभागी दडविलेली हवेची पिशवी टक्कर होताच सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपास फुगते; छाती तिच्या अगदी जवळ असल्यास तिचाच आघात होतो. छाती व स्टीअरिंग यांमध्ये सुमारे २५ सेंटिमीटर अंतर असावे.

आतील आरसा सपाट असतो, तर बाहेरील, विशेषतः डाव्या बाजूचा, बहुधा बहिर्वक्र असतो. बहिर्वक्र आरशात अधिक विस्तृत दृश्य मावते, पण वस्तू लहान व म्हणून दूर भासतात. मागून येणारी मोटारसायकल आरशात दिसते त्याहून जवळ असते. शिवाय तिन्ही आरशांतून सुटणारा एक पट्टा दोन्ही बाजूंस राहतोच. तो पाहण्यास मान वळविण्याखेरीज उपाय नाही.

तीन टोकांचा आसनपट्टा व्होल्व्हो कंपनीतील अभियंता निल्स बोलिन याने १९५९ साली तयार केला. मोटार थांबते, पण शरीर जडत्वाने पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहते. पट्टा त्याला मोटारीबरोबर थांबवितो. मागील आसनावरील माणसाला हा नियम लागू नाही असा समज आपल्याकडे खोलवर रुजला आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागील आसनावर होते व त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी त्या वेळी सांगितले. मोटार अत्यंत भक्कम बांधणीची होती.

पायांखालील तीन दट्टे

डावीकडून उजवीकडे क्लच, ब्रेक व अ‍ॅक्सिलरेटर असा क्रम जगभर सारखाच आहे. डावा पाय केवळ क्लचसाठी. उजवा पाय ब्रेक व अ‍ॅक्सिलरेटर या दोहोंसाठी. एकाच पायाला दोन कामे देण्यामागे विचार आहे : वेग वाढविणे व थांबविणे या दोन क्रिया एकाच वेळी घडू नयेत. टाच ब्रेकच्या समोर जमिनीवर टेकवून केवळ पंजा उजवीकडे वळवून अ‍ॅक्सिलरेटर दाबावा. असे केल्यास घाबरलेल्या अवस्थेत पंजा आपोआप सरळ होतो व ब्रेकवरच पडतो.

क्लचचे कार्य नवशिक्यास सर्वांत गूढ वाटते, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करू. पेट्रोलचे इंजिन शून्य वेगापासून काम करू शकत नाही. स्वस्थ चालत असतानाही ते मिनिटास सुमारे ८०० फेरे घेते. त्याहून फार मंद झाल्यास बंद पडते. उलट चाके थांबलेली असतात. फिरणारे इंजिन व स्थिर चाके यांची एकदम गाठ घातली, तर इंजिन बंद पडेल किंवा मोटार उसळी घेईल. क्लचमध्ये घर्षणाचे अस्तर लावलेली एक तबकडी इंजिनाच्या जड चक्रावर स्प्रिंगने दाबलेली असते. दट्ट्या दाबला की तबकडी सुटते व संबंध तुटतो. दट्ट्या हळूहळू सोडला की तबकडी प्रथम घसरत, मग पकड घेत, शेवटी चक्राबरोबर एकजीव होऊन फिरते. ही पकड सुरू होण्याची जागा पायाला जाणवते. इंजिनाचा आवाज किंचित दबतो व मोटार थरथरते. तेथे पाय क्षणभर थांबविणे, हीच क्लचची सारी विद्या आहे. मोटार धावत असताना क्लचवर पाय टेकवून ठेवण्याची सवय मात्र वाईट : तबकडी अर्धवट घसरत राहते व अस्तर अकाली झिजते.

गिअरचे गणित सोपे आहे. एका लहान मोटारीत पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे १४ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो, असे समजा. चाकाचा परीघ १.८ मीटर धरल्यास, इंजिन ८०० फेऱ्यांनी चालत असता मोटार मिनिटास सुमारे १०३ मीटर, म्हणजे ताशी ६ किलोमीटर जाईल. माणसाच्या झपाट्याच्या चालीएवढीच. पाचव्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यास इंजिनाचे ३.२ फेरे लागतात असे मानले, तर तेवढ्याच फेऱ्यांत वेग ताशी २७ किलोमीटर होतो. पहिल्या गिअरमध्ये वेग गमावून जोर मिळतो. पाचव्यात जोर गमावून वेग मिळतो. विहिरीवरील रहाट पाहिलेल्यास हे नवीन नाही. लक्ष्मीबाई नगरच्या गल्लीतून नवशिक्याने पहिल्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरला स्पर्शही न करता, मोटार केवळ क्लचच्या आधारे चालवावी. यात वेग इतका कमी असतो की चूक झाली तरी ती सावरता येते.

एके काळी गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या खांबावरच असे. मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फियाट व पुढे पद्मिनी या मोटारी अनेक वर्षे अशाच होत्या. त्या कंपनीची स्थापना वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली केली. थंडीत इंजिन सुरू करताना ओढावयाची चोकची मूठही त्या मोटारींत असे. तिच्यामुळे हवा कमी व पेट्रोल अधिक मिळे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाल्या. दरम्यान, १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० तिच्या दिल्लीकर मालकाच्या स्वाधीन करण्यात आली व हजारो मध्यमवर्गीय घरांत मोटार चालविण्याचे शिक्षण सुरू झाले. आता संगणक इंजिनास लागणारे पेट्रोल मोजून देतो. चोकची मूठ नाहीशी झाली आहे. क्लचविरहित स्वयंचलित व विजेवरील मोटारींत दोनच दट्टे असतात. अशा मोटारीत डाव्या पायाला काहीच काम नसते व ते शोधूनही देऊ नये. क्लचची सवय झालेला डावा पाय ब्रेकवर पडला की तो पूर्ण ताकदीने दाबला जातो.

ब्रेक

पायाने ब्रेक दाबला की तो जोर तरफेमुळे काही पट होतो व एका नळकांडीतील तेलावर पडतो. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा पास्कलचा नियम शाळेत शिकविला जातो. तोच येथे राबतो. चाकाजवळील नळकांडी मोठी असल्याने तेथे जोर पुन्हा वाढतो. तेलाच्या नळ्यांचे दोन स्वतंत्र भाग केलेले असतात, म्हणजे एक गळला तरी दुसरा काम देतो. याखेरीज इंजिनाने निर्माण केलेल्या निर्वाताची मदत ब्रेकला मिळते. इंजिन बंद पडल्यास दोन-तीन वेळा दाबल्यावर ही मदत संपते व दट्ट्या दगडासारखा कठीण होतो. ब्रेक तरीही लागतो, पण पायाचा फार मोठा जोर लागतो.

यावरून बोरघाटासारख्या उतारावर पेट्रोल वाचविण्यासाठी इंजिन बंद करून मोटार सोडून देण्याच्या जुन्या क्लृप्तीचा धोका ध्यानी येईल. ब्रेक कठीण होतो, आणि किल्ली काढल्यास स्टीअरिंगला कुलूप लागते. तटस्थ गिअरवर उतरण्यातही लाभ नाही. आधुनिक इंजिन गिअरमध्ये असता अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पेट्रोलचा पुरवठा बंद करते, कारण चाकेच इंजिनाला फिरवीत असतात. तटस्थ गिअरमध्ये मात्र ते फिरते ठेवण्यासाठी पेट्रोल जाळावेच लागते. उतारावर खालच्या गिअरमध्ये उतरावे व वेगाचा भार इंजिनावर टाकावा. सतत ब्रेक दाबल्याने तो तापतो, आणि अतिशय तापलेला ब्रेक पकड घेत नाही.

१ एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींत चाके जखडू न देणारी ब्रेकयोजना अनिवार्य झाली. जखडलेले चाक घसरते, आणि घसरणारे चाक वळविले तरी मोटार वळत नाही. ही योजना सेकंदात अनेक वेळा ब्रेक सोडते व लावते, म्हणून पायाखाली दट्ट्या धडधडतो. नवशिका या धडधडीने घाबरून पाय उचलतो. तसे न करता दट्ट्या दाबून धरावा व अडथळ्याच्या बाजूने मोटार वळवावी.

थांबण्याचे अंतर व दिल्लीचे धुके

ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदास १० मीटर. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर येईपर्यंत एक सेकंद जातो असे धरले, तर ब्रेक लागण्यापूर्वीच मोटार १० मीटर पुढे गेलेली असते. त्यापुढील अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ओलसर रस्त्यावर वेग दर सेकंदास ४ मीटरने घटतो असे मानल्यास थांबण्यास आणखी १२.५ मीटर लागतील, एकूण २२.५ मीटर. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर केला, तर पहिले अंतर २० मीटर होते, पण दुसरे ५० मीटर होते. एकूण ७० मीटर.

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत दाट धुके पडते. पहाटे पंचवीस मीटरपलीकडचे दिसत नसेल, तर वरील हिशेबाने ताशी ३६ किलोमीटर हा अगदी सीमेवरचा वेग ठरतो. समोरूनही कोणी येत असल्यास तोही अतिरेकीच. अशा वेळी दिव्यांचा वापर विचाराने करावा. मोठा प्रकाशझोत धुक्यातील सूक्ष्म जलबिंदूंवर आपटून विखुरतो व बराचसा चालकाच्याच डोळ्यांत परततो. समोर पांढरी भिंत उभी राहते. झोत खाली करावा. धुक्याचे दिवे खालच्या अंगास असतात ते याच कारणासाठी. चारही इशारादिवे लुकलुकवीत धुक्यातून धावण्याची पद्धत उत्तरेकडे फार बोकाळली आहे. तिच्यामुळे डावी-उजवीकडे वळण्याचा इशारा देणेच अशक्य होते. ते दिवे थांबलेल्या मोटारीसाठी आहेत.

धुके काचेच्या आतही दाटते. माणसांच्या श्वासातील बाष्प थंड काचेवर द्रवरूप होते. कापडाने पुसल्यास ते लगेच परत येते. वातानुकूलन सुरू करून हवा काचेकडे सोडावी. वातानुकूलन यंत्र हवेतील ओलावा काढून घेते, म्हणून कोरडी हवा, शक्य तर उबदार करून, काच काही क्षणांत स्वच्छ करते. थंडीत वातानुकूलन सुरू करणे अनेकांस विपरीत वाटते, परंतु येथे गारव्याची नव्हे, कोरडेपणाची गरज असते.

दर्शकफलकावरील दिवे

किल्ली फिरविताच सर्व इशारादिवे क्षणभर पेटतात व इंजिन सुरू झाल्यावर विझतात. ती त्या दिव्यांचीच परीक्षा होय. तांबडा दिवा म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकरच तपासणी करा, हिरवा वा निळा म्हणजे केवळ माहिती. तेलाच्या झारीचे तांबडे चित्र पेटल्यास इंजिन तत्काळ बंद करावे, कारण वंगणाचा दाब नसता धातूवर धातू घासून इंजिन काही मिनिटांत निकामी होऊ शकते. तापमापकाचा दिवा पेटल्यासही बाजूला थांबावे, मात्र पाण्याच्या टाकीचे झाकण उघडू नये. आत दाबाखाली असलेले पाणी १०० अंश सेल्सियसहून अधिक तापलेले असते. झाकण उघडताच दाब उतरतो व ते उसळून तोंडावर येते.

१ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत ताशी ८० किलोमीटरनंतर वेगाचा इशारा वाजतो व १२० नंतर तो अखंड होतो. भोंग्याविषयी फारसे सांगण्याजोगे नाही. तो ब्रेकचा पर्याय नव्हे, आणि वसाहतीजवळच एम्स व सफदरजंग ही दोन मोठी रुग्णालये आहेत.

मोटार उभी करताना प्रथम हातब्रेक लावावा, मग इंजिन बंद करून चढावर पहिला व उतारावर मागे जाण्याचा गिअर टाकून ठेवावा, म्हणजे हातब्रेकची तार सैल झाली तरी इंजिन चाकांना अडवून धरील. उजवीकडील दार डाव्या हाताने उघडावे. त्यासाठी अंग वळवावेच लागते व मागून येणारा सायकलस्वार दार उघडण्यापूर्वीच दृष्टीस पडतो.