कातडी कोणाची, कमाई कोणाची?

मागच्या सेमिस्टरला मी आणि माझ्या रूम पार्टनरने हॉस्टेलवर रात्री मॅगी विकायचा धंदा केला. माल कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून उधारीवर. जागरण आमचं, भांडी आमची, मुलांची उधारी बुडाली तीही आमचीच. हिशेब केला तेव्हा कळलं, खरा धंदा दुकानदाराने केला! त्याच सुमारास लायब्ररीत अमेरिकेतल्या फरच्या व्यापारावर वाचत होतो. तिथेही हाच दुकानदार भेटला. नाव विल्यम अॅश्ले.

त्या काळी बीव्हरच्या बारीक लोकरीपासून केलेली हॅट म्हणजे प्रतिष्ठा. कर्जात असलेल्या अॅश्लेने १८२२ साली सेंट लुईसच्या पेपरात जाहिरात दिली: मिसुरी नदीच्या उगमापर्यंत जायला शंभर तरुण पाहिजेत. पुढच्याच वर्षी नदीकाठच्या अरिकारा लोकांनी हल्ला केला, डझनभर माणसं गेली. अरिकारांचा राग समजण्यासारखा आहे. गोरे परस्पर वर जाऊन स्वतःच शिकार करणार, मग त्यांच्या मध्यस्थीच्या व्यापाराचं काय?

नदीचा रस्ता बंद झाला आणि इथेच खरी गंमत आहे. तोवरची रीत म्हणजे नदीकाठी ठाणी बांधायची आणि आदिवासींनी तिथे कातडी आणून द्यायची. ठाणं म्हटलं की इमारत आली, पगारी माणसं आली, बारमाही खर्च आला. अॅश्लेने ठाणंच काढून टाकलं! माणसं घोड्यांवरून डोंगरात गेली, वर्षभर तिथेच राहिली आणि १८२५ च्या उन्हाळ्यात ग्रीन नदीच्या खोऱ्यात ठरल्या जागी जमली. अॅश्ले दारूगोळा, कॉफी, साखर, तंबाखू घेऊन हजर. वर्षातून एकदा भरणारी जत्राच ती! कातडी साधारण तीन डॉलर पौंडाने घ्यायची, माल मात्र डोंगरी भावाने द्यायचा. परतताना त्याच्याकडे जवळजवळ नऊ हजार पौंड कातडी होती.

१८२६ मध्ये त्याने धंदा जेडेडाया स्मिथ, डेव्हिड जॅक्सन आणि विल्यम सब्लेट या आपल्याच माणसांना विकला, आणि स्वतः त्यांना माल पुरवू लागला. कातडीचा दर करारातच बांधलेला, तीन डॉलर. बर्फ, अस्वलं, बाण यांच्या वाट्याला. हा स्मिथ १८२२ च्या भरतीतला. १८२३ मध्ये अस्वलाने त्याचं डोकं आणि कान फाडले, ते सोबत्याने सुईदोऱ्याने शिवले होते. १८३१ मध्ये सांता फेच्या वाटेवर तो मारला गेला. त्याच वर्षी अॅश्ले अमेरिकन काँग्रेसवर निवडून आला.

शेवटची जत्रा १८४० ची. बीव्हर संपत आले होते, आणि हॅट रेशमाच्या झाल्या होत्या.

परवा दुकानदाराने विचारलं, "काय रे, यंदा किती पेट्या पाठवू?" दर काय लावणार, ते आधी लिहून मागितलंय.