सरकारी घरकुलाचे अनुदान कोणत्या वाटेने येते?

नवी मुंबईत स्वतःचे घर असावे असे वाशी, तुर्भे, तळोजा भागात धंदा करणाऱ्या आपल्या बहुतेक बांधवांच्या मनात असते. सरकार अनुदान देते हेही सर्वांनी ऐकलेले असते. परंतु ते अनुदान कोणत्या वाटेने हाती येते, याचा विचार अर्ज भरण्यापूर्वी क्वचितच होतो. शिंपी, सुतार, फळवाले, भंगारवाले अशा पगारपत्रक नसलेल्या माणसाची खरी अडचण तिथेच आहे.

पहिली वाट आता इतिहासजमा झाली, तरी ती समजून घेण्यासारखी आहे. 1985 ते 1994 या काळात जागतिक बँकेच्या मदतीने मुंबई नागरी विकास प्रकल्प राबवला गेला. त्यासाठी 13 कोटी 80 लाख डॉलरचे सहाय्य मंजूर झाले होते. त्यात सरकारने तयार घरे वाटली नाहीत. रस्ता, पाणी, गटार यांची सोय केलेला लहान भूखंड द्यायचा आणि घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे उभारायचे, असा तो बेत होता. मोठे व व्यापारी भूखंड चढ्या भावाने विकून लहान भूखंडांची किंमत खाली ठेवण्यात आली. सिडकोने ऐरोली, नेरूळ, कळंबोली येथे ही योजना आणली. सीझन चांगला गेला की एक खोली, पुढच्या वर्षी दुसरी! हातावर पोट असणाऱ्या कारागिराला याहून सोयीची योजना नंतर निघाली नाही, असे आमचे मत आहे.

25 जून 2015 रोजी प्रधानमंत्री आवास योजना आली आणि उरलेल्या दोन वाटा तिच्यातून निघाल्या. एका वाटेत संस्था घरे बांधते आणि अनुदान घराच्या किमतीत वळते होते. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाख रुपये दुर्बल घटकातील कुटुंबाला मिळतात. सिडकोने 2018 साली तळोजा, खारघर, कळंबोली, घणसोली व द्रोणागिरी येथील 14,838 घरांची सोडत जाहीर केली, त्यातील दुर्बल घटकांची घरे याच वाटेची.

दुसऱ्या वाटेत अनुदान व्याजावर मिळते. 2015 च्या योजनेत सहा लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याज-सवलत होती. ती अल्प उत्पन्न गटासाठी मार्च 2022 मध्ये बंद झाली. 2024 साली योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात कर्जाच्या पहिल्या आठ लाखांवर चार टक्के सवलत आहे आणि जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार रुपये पाच वार्षिक हप्त्यांत थेट कर्जखात्यात जमा होतात. मात्र हप्ता जमा होताना निम्म्याहून अधिक मुद्दल शिल्लक असावे लागते. म्हणजे धंद्यात बरकत झाली म्हणून कोणी कर्ज लवकर फेडले, तर उरलेल्या अनुदानाला तो मुकतो! शिवाय जो बांधव व्याजापासून दूर राहू इच्छितो, त्याच्यासाठी हे दार मुळातच बंद आहे. कर्ज नाही तर सवलतही नाही. व्याजाच्या मसल्यावर बोलणे हा उलेमांचा अधिकार आहे. आम्ही फक्त हिशेब मांडतो. दोन्ही अनुदाने एकाच कुटुंबाला मिळत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

आता किमतीकडे वळू. ऑक्टोबर 2024 मध्ये सिडकोने 26,000 घरांची योजना काढली. जानेवारी 2025 मध्ये किमती जाहीर झाल्या तेव्हा तळोज्यातील दुर्बल घटकाचे घर सुमारे 25 लाखांचे, तर वाशी ट्रक टर्मिनलजवळील अल्प उत्पन्न गटाचे घर सुमारे 74 लाखांचे निघाले. 25 लाखांपुढे अडीच लाख म्हणजे दहावा हिस्सा. बाकीचे साडेबावीस लाख कोठून आणायचे?

मुंबई महानगर प्रदेशात दुर्बल घटकाची उत्पन्नमर्यादा 2023 साली तीन लाखांवरून सहा लाख झाली. समजा, एका शिंप्याच्या कुटुंबाचे विवरणपत्रातील उत्पन्न तीन लाख, म्हणजे महिना 25 हजार आहे. बँकेने निम्मी मिळकत हप्त्याला धरली, तरी नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी सुमारे 14 लाखच कर्ज बसते. साडेआठ लाख रोख उभे करावे लागतात. कर वाचवण्यासाठी उत्पन्न कमी दाखवणारा व्यापारी अर्जाला पात्र ठरतो आणि कर्जाला अपात्र. सोडतीत नाव निघूनही पैशाअभावी घर सोडून देण्याची पाळी येते ती अशी.

म्हणून सोडतीची जाहिरात येण्याची वाट न पाहता निदान दोन-तीन वर्षे आधीपासून खऱ्या मिळकतीचे विवरणपत्र भरावे आणि विक्रीचा पैसा बँक खात्यातून फिरवावा. महाराष्ट्रातील 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला काढून ठेवावा. सिडको तो मागते. पती, पत्नी किंवा अविवाहित मुलांच्या नावे देशात कोठेही, अगदी गावाकडेही, पक्के घर असेल तर केंद्राचे अनुदान मिळत नाही. तेव्हा वडिलोपार्जित घराच्या कागदावर कोणाकोणाची नावे आहेत, हे अर्जापूर्वी पाहून घ्यावे.