जामखेडच्या उन्हात प्रवाळाची टाकी

मालवण
फाल्गुन वद्य पंचमी

चि. बाळूस,


तुझी ६० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी नीट बसली, हे वाचून आनंद झाला. पण चैत्र तोंडावर आला आहे. जामखेडला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि प्रवाळाला मानवते २४ ते २७ अंशांचे पाणी. ते तिशीच्या घरात राहू लागले, की अंगातले सूक्ष्म शैवाल प्रवाळ बाहेर टाकते. त्याचे बहुतेक अन्न तेच शैवाल बनवते. मग प्रवाळ पांढरे पडते आणि उपाशी मरते. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी मुरतो, त्यामुळे मासे धापा टाकू लागतात.

तुझ्याकडची कोरडी हवा हाच तुझा सर्वात मोठा आधार आहे. तुमच्या घरातला माठ ज्या कारणाने गार राहतो, त्याच कारणाने टाकीही गार राहील. काचेचे झाकण काढ, मासे उडी मारू नयेत म्हणून जाळी बसव आणि छोटा फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लाव. एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता जाते, तेवढी काढून घेतली तर ६० लिटर पाणी सुमारे १० अंशांनी उतरेल. खोली ती उष्णता सतत परत देत असते, म्हणून प्रत्यक्षात उतार कमी दिसतो. तरी फरक मोठा पडतो. आमच्या दमट मालवणात हा उपाय निम्माही चालत नाही.

मात्र वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहते. दोन लिटर पाणी उडाले, तर क्षारता दर हजारी ३५ वरून ३६ च्या पुढे जाते. म्हणून टाकीवर पातळीची खूण कर आणि रोज सकाळ-संध्याकाळ आरओचे गोडे पाणी घालून ती भरून काढ. खारे पाणी घालू नकोस आणि बोअरचेही नको. टँकरच्या दिवसांसाठी आरओचे पाणी आधीच भरून ठेव.

घरात कूलर लावशील तेव्हा समोरची खिडकी उघडी ठेव. बंद खोलीत हवा ओली झाली, की टाकीचा फॅन निकामी होतो.

दुसरे, बाहेरची उष्णता आत येऊच देऊ नकोस. टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेव. दिवे दुपारी न लावता रात्री दहानंतर लाव. पाण्यात बुडालेला पंप जेवढी वीज खातो, तेवढी उष्णता पाण्यातच सोडतो. म्हणून गरजेपेक्षा मोठा पंप नको. उन्हाळ्यात खाद्यही कमी घाल. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी असू दे.

फॅनने भागले नाही, तर अर्ध्या लिटरची बाटली पाण्याने गोठवून, झाकण घट्ट लावून टाकीत तरंगू दे. एका बाटलीने जेमतेम अंशभर उतार पडतो आणि तेवढाच हवा. घाईने चार बाटल्या टाकू नकोस, सुटा बर्फ तर मुळीच नको. थोड्याशा उष्णतेपेक्षा दिवसभर वर-खाली होणारे तापमान प्रवाळाला अधिक छळते.

आता तू मागितलेल्या गोष्टीबद्दल. इथल्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा मी पाठवणार नाही. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि भित्तिका बांधणाऱ्या प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. कायदा नसता तरी मी पाठवला नसता. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी चौथे जागतिक प्रवाळ-विरंजन जाहीर केले. त्या उन्हाळ्यात आपल्या लक्षद्वीपची प्रवाळेही पांढरी पडली. तापलेल्या समुद्रात जे कसेबसे तगले आहे, ते तोडून आणण्याचा हक्क आपल्याला नाही.

यंदा टाकीत फक्त हॅचरीत वाढवलेली क्लाउनफिशची जोडी ठेव. थर्मामीटर लाव आणि दुपारी तीनचा व पहाटेचा आकडा वहीत लिही. मृग निघेपर्यंत पाणी २८ च्या खाली राखून दाखव. तोवर टाकीत या जोडीखेरीज नवा जीव आणू नकोस, एवढे माझे ऐक.

तुझी,
आत्या