आई तेच तेच विचारते तेव्हा

तायांनो, वय झालं की माणूस विसरतंच, असं म्हणून आपण बरंच सोडून देतो. कोयता कुठं ठेवला हे विसरणं वेगळं. पण रोजची विहिरीची वाट चुकली, भाकरी थापताना पुढं काय करायचं ते सुचेना, जेवून उठल्यावर "मला कुणी जेवायला दिलं नाही" असं आई म्हणाली, तर तो आजार असू शकतो. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार, देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना तो आहे.

भगताकडं जायचं तर जा, पण आधी मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, मनाची उदासी यांमुळंही विसर पडतो आणि त्यावर उपचार आहेत. खरा स्मृतिभ्रंश औषधानं पुरता बरा होत नाही. मात्र एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग असू शकतो.

"मघाशीच सांगितलं ना!" असं ओरडून काय उपयोग? तिच्याजवळ ते मघाशी उरलेलंच नसतं. थोडक्यात पुन्हा सांगा. वरई निवडायला द्या, शेंगा फोडायला द्या. हातांना सवयीचं काम बरेच दिवस आठवतं.

गटातही हे दिसतं. एखादी जुनी सभासद म्हणते, "मी हप्ता भरला." वहीत तर नोंद नाही. तिला चारचौघींत खोटं पाडू नका. सभा संपल्यावर तिच्या लेकीला किंवा सुनेला पासबुक घेऊन बोलवा. आजार सुरुवातीचा असेल तर पेन्शन, बँकेतलं वारस नाव, जमिनीची कागदं कुठं आहेत, हे तिलाच विचारून घ्या. आज ती सांगू शकते.

सगळ्यात अवघड काळ दिवाळीनंतरचा. घरं भिवंडी-वसईकडं वीटभट्टीवर जगायला जातात आणि म्हातारी पाड्यावर राहते. मग तिच्याजवळ शाळा सोडून नातीला बसवतात. हे मला पटत नाही. जायच्या आधीच्या सभेत विषय काढा: सकाळी कोण डोकावेल, रात्री जवळ कोण झोपेल, लेकाचा फोन कुणाकडं. लेक महिन्याला थोडे पैसे पाठवणार असेल तर तेही तिथंच ठरवा. नाव, पाडा, फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून तिच्या पदराला शिवा. बघणाऱ्या बाईची झोप होत नसेल, जीव कावला असेल, तर टेलिमानसचा १४४१६ आहे, फोन फुकट. ज्येष्ठांसाठी १४५६७.