काळा धूर, अर्धवट ज्वलन आणि आपली फुप्फुसे

वाळूज रस्त्यावर डिझेल गाड्यांचे गॅरेज चालवणारे एक गृहस्थ हिवाळ्यात खोकल्यासाठी माझ्याकडे आले. दोनदा मी त्यांना औषध लिहून दिले. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बिडी सोडून दहा वर्षे झाली, मग खोकला का जात नाही?" तेव्हा कुठे मी त्यांना दिवसभराचे काम विचारले. हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. थंडीमुळे शटर अर्धे ओढायचे आणि आत इंजिन चालू ठेवून दुरुस्ती करायची, असा त्यांचा क्रम होता. थुंकी व एक्स-रे तपासला. क्षय नव्हता, पण श्वासनलिका आकुंचित झाल्या होत्या. जुन्या बिडीच्या जोडीला धुराची भर पडली होती.

हा धूर होतो कसा? कंदिलाची वात जास्त वर केली की काच काळी होते, हे आपण पाहिले आहे. तेल जास्त, हवा कमी. डिझेल इंजिनात आधी हवा दाबून तापवली जाते आणि तिच्यात डिझेलचा फवारा सोडताच ते आपोआप पेटते. फवाऱ्यात जिथे हवा पोचत नाही, तिथे काजळी तयार होते. जिथे ज्वाला फार तापते, तिथे हवेतलेच नायट्रोजन व ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात. काजळी डोळ्यांना दिसते, हे वायू सहसा दिसत नाहीत. काजळीचे सूक्ष्म कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, तर वायूंमुळे दमा बळावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला.

अभियंत्यांपुढचा पेच असा, की ज्वाला थंड केली तर काजळी वाढते आणि गरम केली तर वायू वाढतात. त्यावर त्यांनी अनेक उपाय काढले. 'कॉमन रेल' पद्धतीत डिझेल वातावरणाच्या हजार ते दोन हजार पट दाबाने बारीक फवारले जाते, तेही एकदम न सोडता थोडे आधी, मुख्य भाग नंतर आणि उरलेली काजळी जाळण्यासाठी थोडे शेवटी. 'ईजीआर'मध्ये धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडून ज्वालेचे तापमान उतरवतात. हवा व इंधन आधीच नीट मिसळून कमी तापमानात जाळण्याच्या पद्धतीत काजळी आणि वायू दोन्ही घटतात. मात्र ते नेमके केव्हा पेटेल यावर ताबा ठेवणे अवघड, विशेषतः गाडीवर जास्त भार असताना. तरीही जे उरते ते गाळणी आणि युरियाच्या द्रावणाने आवरतात.

१ एप्रिल २०२० पासून देशभर 'बीएस-६' नियम लागू झाले. डिझेलमधील गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आले. डिझेल मोटारींसाठी काजळीची मर्यादा दर किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून साडेचार मिलिग्रॅमवर आली.

पण वाचकहो, चांगले इंजिनही आपण बिघडवू शकतो. 'पिकअप' वाढावा म्हणून पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवणे म्हणजे कंदिलाची वात वर करणेच होय. ईजीआर बंद करून घेणेही तसेच. पीयूसी तपासणीत डिझेल गाडीचा धूर किती दाट आहे एवढेच पाहतात, न दिसणारे वायू मोजत नाहीत.

म्हणून एवढे करा :

१. एअर फिल्टर वेळेवर बदला, नोझल तपासून घ्या.

२. गाडी उभी असताना इंजिन बंद करा.

३. जनरेटर बंद खोलीत किंवा खिडकीखाली ठेवू नका.

४. तोंडावरचा रुमाल धूळ थोडीफार अडवतो, हे सूक्ष्म कण नाही.

५. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर थुंकी तपासा आणि डॉक्टरांना आपला व्यवसाय न विचारताही सांगा.

त्या गृहस्थांनी आता सायलेन्सरला नळी जोडून धूर बाहेर काढला आहे. शटर पूर्ण उघडे असते. खोकला बराच कमी आहे, फवाऱ्याचे औषध मात्र चालू आहे. परवा ते म्हणाले, "स्क्रू फिरवून द्या म्हणणारं गिऱ्हाईक मी आता परत पाठवतो." माझ्या दृष्टीने ही त्यांनी अनेकांच्या फुप्फुसांना दिलेली मात्राच आहे.