डोक्याला मार आणि डॉक्टरांचे चार प्रश्न



एरवी मी या पानावर बेणे, लागण, खोडवा यांविषयी लिहितो. आजचा विषय वेगळा आहे, कारण तो माझ्या घरात घडला.

गेल्या गळीत हंगामात माझे मेहुणे रात्री मोटारसायकलवरून पडले. डोक्याला मार लागला. डॉक्टरांनी विचारले, "दारू घेतात का?" लाजेपोटी आम्ही "नाही" म्हणालो. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, घाम फुटला आणि झटका आला. डोक्यात रक्त साकळले असेल म्हणून पुन्हा सीटी स्कॅन झाले. शेवटी बहिणीने खरे सांगितले. रोजची दारू एकाएकी तुटली की असे होते, जीवही जाऊ शकतो. त्यावर औषध आहे, पण डॉक्टरांना आधी कळले पाहिजे.

याच्या उलटही घडते. तोंडाला वास आला की लोक म्हणतात, "चढलीय, झोपू द्या." पण मेंदूत रक्तस्राव झालेला माणूसही तसाच सुस्त दिसतो. म्हणून डोक्याला मार लागलेल्या पिणाऱ्याला घरी झोपवू नका, दवाखान्यात न्या.

तेथे साधारण असे चार प्रश्न विचारतात :

१) पिणे कमी करावे असे कधी वाटले का?
२) कोणी टोकल्यावर राग येतो का?
३) पिण्याबद्दल मनाला खंत वाटते का?
४) सकाळी उठल्याबरोबर लागते का?

दोन उत्तरे 'होय' आली, तर पुढे तपासणी आणि समुपदेशन करावे लागते. हा पंचनामा नव्हे. माती परीक्षणाशिवाय खताची मात्रा ठरते का? तसेच हे आहे.

नुसत्या बोलण्याने काय होणार, असे वाटेल. अमेरिकेतील सिएटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयात जखमी रुग्णांशी सुमारे अर्धा तास समजुतीने बोलले गेले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभरानंतरही त्यांचे पिणे इतरांपेक्षा कमी आढळले. मार ताजा असतो, तेव्हा माणूस ऐकतो. वाफसा आला की पेरणी करावी, तसे.

घरी आल्यावर पुन्हा प्याले तर मेंदू सावरायला वेळ लागतो, झटक्यांचा धोका वाढतो आणि तोल जाऊन पुन्हा मार बसतो. मात्र रोज पिणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नये. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा मोफत दूरध्वनी आहे.

मेहुणे आता बरे आहेत. लाज बाजूला ठेवा, डॉक्टरांना खरे सांगा.

आपला,
ऊस विकास अधिकारी